सर्चबॉक्सच्या आधीचा इतिहास: अँड, ऑर, नॉट कुठून आले?

सिनॉप्सिस लिहिताना जवळपास प्रत्येक जण एक वाक्य लिहितोच: प्रस्तुत विषयावर आजवर स्वतंत्र संशोधन झालेले आढळत नाही. लिहायला सोपं, पण समितीसमोर टिकवायला अवघड. कारण या वाक्याचा सगळा भार शेवटच्या दोन शब्दांवर असतो. 'आढळत नाही' म्हणजे नेमकं काय? कुठे शोधलं? कोणते शब्द टाकून शोधलं? तुमच्या विषयाला पन्नास वर्षांपूर्वी वेगळंच नाव असेल तर? हे प्रश्न कुणी विचारले आणि तुमच्याकडे उत्तर नसेल, तर ते वाक्य खोडावं लागतं. कधीकधी त्या वाक्याबरोबर विषयही जातो.

म्हणून आजचा लेख सर्च ऑपरेटरवर. म्हणजे अवतरणचिन्हं, वजाचं चिन्ह, अँड-ऑर-नॉट, 'साइट', 'फाइलटाइप' वगैरे. यांच्या याद्या कुठेही मिळतात. पण नुसती यादी पाठ करून फार उपयोग होत नाही, कारण यादी बदलत राहते. कालपर्यंत चालणारं चिन्ह आज बंद झालेलं असतं, आणि एका डेटाबेसमधलं चिन्ह दुसऱ्यात चालत नाही. त्या चिन्हांमागचा विचार मात्र पावणेदोनशे वर्षं तोच आहे. तो कुठून आला हे एकदा समजलं, की कुठल्याही नव्या सर्चबॉक्ससमोर बसलात तरी अडणार नाही. म्हणून आधी इतिहास, मग उपयोग.

(एक सूचना: या लेखात मी ऑपरेटरची नावं देवनागरीत लिहितोय. प्रत्यक्ष टाइप करताना ती रोमन अक्षरांतच टाकायची असतात.)

सुरुवात तर्कशास्त्रात

जॉर्ज बूल हा इंग्लंडमधल्या लिंकन गावचा. जन्म १८१५ चा, वडील जोडे शिवणारे कारागीर. औपचारिक शिक्षण फारसं नाही. गणित बहुतांशी स्वतःच्या बळावर शिकलेला. १८४७ साली त्याने तर्कशास्त्राचं गणिती विश्लेषण करणारी एक छोटी पुस्तिका छापली, १८४९ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्कच्या कॉलेजात प्राध्यापक झाला, आणि १८५४ मध्ये 'विचाराचे नियम' मांडणारा त्याचा मोठा ग्रंथ आला.

बूलची कल्पना थोडक्यात अशी. समजा एक गट आहे 'मराठी पुस्तकं', आणि दुसरा आहे '१९०० च्या आधी छापलेली पुस्तकं'. दोन्ही गटांत बसणारी पुस्तकं निवडणं हे एखाद्या गुणाकारासारखं लिहिता येतं. दोन गट एकत्र करणं बेरजेसारखं. आणि 'सगळ्यातून अमुक वगळून उरलेलं' हे वजाबाकीसारखं. म्हणजे विचार करताना आपण ज्या निवडी करतो, त्यांचंही बीजगणित असतं. आजच्या भाषेत गुणाकार म्हणजे अँड, बेरीज म्हणजे ऑर, वजाबाकी म्हणजे नॉट.

बुलच्याच काळातला दुसरा माणूस म्हणजे ऑगस्टस डी मॉर्गन. याचा जन्म आपल्याकडचा, १८०६ साली मदुराईत. बूलची पुस्तिका आली त्याच वर्षी, १८४७ मध्ये, डी मॉर्गनचंही तर्कशास्त्रावरचं पुस्तक आलं. दिल्लीचे गणितशिक्षक रामचंद्र यांचं महत्तम-लघुतमावरचं पुस्तक १८५९ मध्ये लंडनहून पुन्हा छापून आणण्यात पुढाकार याच डी मॉर्गनचा. त्याच्या नावाने ओळखला जाणारा नियम तुम्ही बारावीत केला असेल: 'अ किंवा ब' यांचा नकार म्हणजे 'अ नाही आणि ब पण नाही'. गुगलमध्ये दोन नको असलेले शब्द वगळताना आपण दोन्हींच्या आधी वेगवेगळं वजाचं चिन्ह लावतो, तेव्हा हाच नियम वापरत असतो.

इथे थांबून एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण बहुतेक चुका इथेच होतात. बोलण्यातलं 'आणि' आणि शोधातलं 'अँड' एक नाहीत. 'सातारा आणि सांगलीतली मंदिरं दाखव' असं आपण म्हणतो तेव्हा आपल्याला दोन्ही जिल्ह्यांतली मंदिरं हवी असतात, यादी वाढते. डेटाबेसला मात्र 'सातारा अँड सांगली' असं सांगितलं, तर ज्या लेखात दोन्ही शब्द आहेत तेवढेच लेख तो देतो, यादी घटते. आपल्याला हवं असतं ते खरं म्हणजे 'सातारा ऑर सांगली'.

तसंच 'किंवा'चं. 'चहा घेणार किंवा कॉफी?' यात दोन्ही कुणी घेत नाही. शोधातला ऑर मात्र दोन्ही असलेले लेखही घेतो. गंमत म्हणजे बूलच्या मूळ बेरजेत दोन गट एकमेकांत मिसळलेले चालत नसत. 'हे, ते किंवा दोन्ही' असा आजचा अर्थ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स याने १८६० च्या दशकात रुळवला. म्हणजे 'किंवा'चा गोंधळ तुमच्या एकट्याचा नाही, तर्कशास्त्रज्ञांनाही तो सोडवावा लागला.

कार्डांचा काळ

बूलचं बीजगणित जवळपास शंभर वर्षं तर्कशास्त्र आणि गणिताच्या पुस्तकांत राहिलं. १९३७ मध्ये क्लॉड शॅननने एमआयटीतल्या आपल्या मास्टर्सच्या प्रबंधात दाखवून दिलं, की विजेच्या स्विचांची जोडणी याच बीजगणिताने मांडता येते. संगणकाचा पाया तिथे पडला. (मास्टर्सच्या प्रबंधाला 'नुसती औपचारिकता' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.)

पण माहिती शोधण्याच्या कामात बूल आला तो संगणकातून नाही, कार्डांतून. त्याआधीची अडचण समजून घ्या. ग्रंथालयातलं पुस्तक फडताळात एकाच जागी ठेवता येतं. 'कोकणातल्या मच्छीमारांचं आरोग्य' हे पुस्तक कोकणाखाली ठेवायचं, मासेमारीखाली की आरोग्याखाली? आपल्या एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ च्या 'कोलन क्लासिफिकेशन'मध्ये यावर मोठं उत्तर दिलं: विषयाला एक अखंड ठोकळा न मानता त्याचे पैलू वेगळे करा आणि मग जोडा. पैलू पाडून विषय बघायची ही सवय आजही चांगल्या शोधाची पहिली पायरी आहे. पुढे तिचा उपयोग करणार आहोतच.

दुसऱ्या महायुद्धानंतर शास्त्रीय आणि तांत्रिक अहवालांचा पूर आला. १९५० मध्ये कॅल्विन मूर्स याने 'इन्फर्मेशन रिट्रीव्हल' हा शब्दप्रयोग रूढ केला. त्याच सुमारास अमेरिकेत मॉर्टिमर टाउबे याने 'युनिटर्म' पद्धत आणली. ती इतकी साधी आहे की तुम्ही घरी करून बघू शकता. प्रत्येक अहवालाला एक नंबर. प्रत्येक शब्दाला एक कार्ड. 'कोकण' हा शब्द ज्या अहवालांत येतो त्यांचे नंबर 'कोकण'च्या कार्डावर, 'आरोग्य'चे 'आरोग्य'च्या कार्डावर. आता कोकणातल्या आरोग्याबद्दल हवं असेल तर दोन्ही कार्डं शेजारी ठेवा आणि दोन्हींवर असलेले नंबर शोधा. झालं अँड. दोन्ही कार्डांवरचे सगळे नंबर घेतले, तर ऑर. एका कार्डावरचे नंबर दुसऱ्यातून खोडले, तर नॉट.

काही ठिकाणी याचंच आणखी देखणं रूप होतं. नंबर लिहिण्याऐवजी कार्डाला ठरलेल्या जागी भोक पाडायचं. मग दोन-तीन कार्डं एकावर एक ठेवून उजेडासमोर धरायची. जिथून उजेड आरपार येईल तो तुमचा अहवाल.

गुगलही मुळात हेच करतं: शब्दागणिक एक यादी, आणि त्या याद्यांची तुलना. म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. सर्च इंजिन आधी शब्द शोधतं. तुमच्या मनातला विषय त्याला थेट दिसत नाही. नंतरच्या काळात त्यावर अर्थाचा अंदाज घेणारे थर चढले, पण पाया शब्दाचाच.

मीटर चालू असताना शोधणं

वैद्यकीय लेखांची सूची 'इंडेक्स मेडिकस' १८७९ पासून छापली जात होती. तिचं काम अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने १९६४ मध्ये संगणकावर नेलं, ते मेडलार्स. १९७१ मध्ये ते दुरून, टेलिफोनच्या तारेवरून वापरता येऊ लागलं, ते मेडलाइन. आजचं पबमेड त्याच घराण्यातलं. दुसरीकडे लॉकहीड या विमान बनवणाऱ्या कंपनीत रॉजर समिट याने 'डायलॉग' ही प्रणाली उभी केली आणि १९७२ पासून ती पैसे घेऊन बाहेरच्यांसाठी खुली झाली.

आजच्या ऑपरेटरांपैकी बरेचसे या काळात घडले. डायलॉगमध्ये शब्दाच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावलं की त्या मूळ भागाने सुरू होणारे सगळे शब्द येत. याला ट्रंकेशन म्हणतात, आज बहुतेक डेटाबेसांत त्यासाठी तारांकन (*) वापरतात. दोन शब्द लागोपाठ यावेत, हे सांगायची सोय होती. लेखकाच्या नावात शोधा, शीर्षकात शोधा, असं सांगता येत असे. आजचं 'इनटायटल' त्याचंच नातवंड.

आणखी एक गोष्ट या काळात घडली, आणि मला ती ऑपरेटरांपेक्षा महत्त्वाची वाटते. शोध महाग होता. जोडणी चालू असेल तितक्या वेळाचे पैसे, वर हाती लागलेल्या नोंदींचे वेगळे. रिक्षाचं मीटर डोळ्यांसमोर पळत असताना कुणी उगाच फिरत नाही. म्हणून संशोधक आधी ग्रंथपालाकडे जाऊन बसे. ग्रंथपाल विचारत: नेमका प्रश्न काय? याला दुसरे शब्द कोणते? काय नको आहे? मग कागदावर सगळी शोधयोजना लिहून, कंस जुळवून, शेवटी जोडणी सुरू व्हायची.

आज शोध फुकट आहे, म्हणून ती कागदावरची पायरी गेली. आपण आधी टाइप करतो आणि मग विचार करतो.

मिळालं किती, राहिलं किती?

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो मुद्दा. १९५० आणि ६० च्या दशकांत इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्ड इथे सिरिल क्लेव्हरडन याने सूचीपद्धतींची परीक्षा घेतली. त्यातून दोन मापं पक्की झाली. पहिलं प्रिसिजन, म्हणजे अचूकता: हाती आलेल्यांपैकी कामाचे किती? दुसरं रिकॉल, मी त्याला 'भरणा' म्हणतो: जगात असलेल्या कामाच्या लेखांपैकी हाती आले किती? जाळं बारीक विणलं की कचरा जास्त येतो, पण मासे सुटत नाहीत. भोकं मोठी ठेवली की कचरा कमी, पण छोटे मासे निसटतात. ऑपरेटर म्हणजे जाळ्याची भोकं लहान-मोठी करायची सोय. अँड, अवतरणचिन्हं आणि नॉट अचूकता वाढवतात. ऑर आणि तारांकन भरणा वाढवतात.

अडचण अशी, की अचूकता डोळ्यांना दिसते, भरणा दिसत नाही. पहिल्या पानावर दहापैकी नऊ दुवे कामाचे असले की आपल्याला वाटतं, छान शोधलं. जे आलंच नाही, ते दिसणार कसं?

हे किती फसवं असतं ते १९८५ साली डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन यांनी दाखवलं. एका मोठ्या खटल्याची सुमारे ४०,००० कागदपत्रं, जवळजवळ साडेतीन लाख पानं, आयबीएमच्या शोधप्रणालीत घातलेली होती. वकिलांना सांगितलं होतं की कामाच्या कागदांपैकी निदान ७५ टक्के मिळाले असं वाटेपर्यंत शोधत राहा. त्यांनी समाधान होईपर्यंत शोधलं. नंतर मोजदाद झाली तेव्हा प्रत्यक्षात सरासरी सुमारे २० टक्केच कागद हाती आले होते. म्हणजे पाचातले चार राहिले, आणि शोधणाऱ्यांना पत्ताही नव्हता.

का? खटला एका अपघाताबद्दल होता. साहजिकच वकिलांनी 'अपघात' वगैरे शब्द टाकले. पण ज्यांच्यावर ठपका येऊ शकत होता, त्या माणसांनी आपल्या पत्रांत 'अपघात' हा शब्द लिहिलाच नव्हता. त्यांनी 'दुर्दैवी परिस्थिती', 'अडचण' असं मोघम काहीतरी लिहिलं होतं. कोण कुठल्या बाजूला उभा आहे, यावर गोष्टीचं नाव ठरतं. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं.

दुसरं उदाहरण जास्त गंभीर आहे. २००१ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्यासंबंधीच्या एका प्रयोगात २४ वर्षांच्या एका निरोगी स्वयंसेविकेला हेक्झामेथोनियम हे रसायन श्वासातून दिलं गेलं, आणि काही आठवड्यांत तिचा मृत्यू झाला. प्रयोगाआधी पबमेडवर शोध घेतलेला होता. पण तेव्हा त्या डेटाबेसमधल्या नोंदी १९६६ च्या मागे जात नव्हत्या. या रसायनाने फुप्फुसांना इजा होऊ शकते असं सांगणारे लेख १९५० च्या दशकातले होते. शोध चुकला तो चिन्हांत नव्हे. या पेटीत काय आहे आणि काय नाही, हा प्रश्न मागे राहिला होता.

आपल्या सिनॉप्सिसमध्ये कुणाचा जीव जात नाही, हे खरं. पण 'आढळत नाही' हे वाक्य तेच असतं.

वेब आलं, आणि चिन्हं गळू लागली

१५ डिसेंबर १९९५ ला आल्टाव्हिस्टा सुरू झालं, तेव्हा ग्रंथपालांची भाषा सामान्य माणसाच्या हाती आली. अवतरणचिन्हात वाक्प्रचार, अधिकचं चिन्ह म्हणजे 'हा शब्द हवाच', वजाचं म्हणजे 'हा नको', शिवाय शीर्षकात, पत्त्यात, विशिष्ट यजमान-संगणकावर शोधायची सोय. दोन शब्द जवळजवळ असावेत यासाठी 'निअर'ही होतं.

१९९८ मध्ये गुगल आलं. त्याने शब्दांमधला अँड गृहीत धरला, आणि महत्त्वाचं म्हणजे निकालांचा क्रम इतका चांगला लावला की बहुतेकांना ऑपरेटरांची गरजच भासेना. क्रम लावायची कल्पना तशी जुनी. जेरार्ड सॉल्टन १९६० च्या दशकापासून त्यावर काम करत होता. सगळीकडे आढळणाऱ्या शब्दाला कमी वजन आणि दुर्मीळ शब्दाला जास्त, हा आजही वापरात असलेला विचार कॅरेन स्पार्क जोन्स हिने १९७२ मध्ये मांडला.

पण क्रम चांगला लागला की पहिल्या पानापलीकडे कुणी जात नाही. आणि कुणी वापरत नाही ती चिन्हं कंपनी काढून टाकते. २०११ मध्ये गुगलने अधिकचं चिन्ह बंद केलं. त्याऐवजी एकेरी शब्दालाही अवतरणचिन्हं लावा असं सांगितलं. २०१३ मध्ये समानार्थी शब्दांसाठीचं नागमोडी चिन्ह गेलं. 'लिंक' गेलं, २०२४ मध्ये पानाची साठवलेली प्रत दाखवणारं 'कॅश' गेलं. उलट २०१९ मध्ये तारखेसाठी 'बिफोर' आणि 'आफ्टर' आले. ऑपरेटरही ऐतिहासिक वस्तूच आहेत. त्यांना जन्म आहे आणि मृत्यूही आहे. म्हणून कुठलीही जुनी यादी वापरण्याआधी एकेक चिन्ह तपासून बघा.

मराठीत शोधताना

ही सगळी यंत्रं इंग्रजी समोर ठेवून बनली. मराठीत शोधताना आणखी चार खाचखळगे येतात.

पहिला, विभक्ती. 'पुणे' हा शब्द मजकुरात 'पुण्यात', 'पुण्याचा', 'पुण्याहून' असा येतो. 'पुणे' अवतरणचिन्हात टाकलंत तर हे सगळे हातचे जातात. सामान्यरूप, म्हणजे 'पुण्या', हा तुमचा खरा मूळ भाग. जिथे तारांकन चालतं तिथे 'पुणे ऑर पुण्या*' असं टाका. जिथे चालत नाही तिथे दोन-तीन रूपं ऑरने जोडा.

दुसरा, शुद्धलेखन. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे. त्याआधीच्या छापील मजकुरात 'नाहीं', 'कां', 'घरें' असे अनुस्वार आहेत. जुनं पुस्तक जसंच्या तसं टंकलेखित केलेलं असेल, तर आजच्या शुद्धलेखनाने शोधून ते मिळेलच असं नाही. 'पंडित' आणि 'पण्डित' या जोड्याही करून बघा.

तिसरा, डोळ्यांना न दिसणारा. 'कऱ्हाड' मधला रफार युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्त्याच्या 'ऱ'ला हलन्त जोडून, किंवा साध्या 'र'नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. म्हणून 'ऱ्य', 'ऱ्ह' असलेल्या शब्दांची दुसरी सोपी खूण शोधा. इथे 'कराड' आहेच. आकडेही दोन पद्धतींनी टाका, देवनागरी आणि इंग्रजी.

चौथा, फाँट. युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये केलेल्या पीडीएफ वाचताना मराठी दिसतात, पण आत भलतीच अक्षरं असतात. स्कॅन केलेली पानं तर नुसती चित्रं. मोडी कागदपत्रांची तर गोष्टच सोडा. तिथे कुठलाच ऑपरेटर चालत नाही, तिथे कॅटलॉग, अनुक्रमणिका आणि पाय हेच चालतात.

एक उदाहरण करून बघू

समजा विषय आहे: १८५७ च्या घटनांबद्दलचं मराठी लेखन. आता रंगनाथनांचं ऐकायचं आणि पैलू पाडायचे. घटना, प्रदेश, लेखनप्रकार. मग प्रत्येक पैलूखाली शब्द लिहायचे.

घटनेखाली काय येईल? 'उठाव', 'बंड', 'शिपायांचं बंड', 'स्वातंत्र्यसमर', '१८५७'. इंग्रजीत 'म्यूटिनी', 'रिव्होल्ट', 'रिबेलियन', 'सेपॉय'. यातला कुठलाच शब्द निरागस नाही. 'स्वातंत्र्यसमर' हा शब्द टाकलात तर १९०९ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या सावरकरांच्या पुस्तकाच्या आसपासचं लेखन येईल. पण त्या धामधुमीत प्रत्यक्ष झाशीत सापडलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' १९०७ मध्ये छापला गेला तो 'बंडाची हकीकत' म्हणून. फक्त आपल्या आवडीचा शब्द टाकला, तर प्रत्यक्ष पाहणाराच जाळ्यातून निसटतो. ब्लेअर-मॅरनच्या वकिलांचं झालं ते हेच.

प्रदेशाखालीही तसंच. जुन्या इंग्रजी कागदांत पुणे 'पूना' आहे, सोलापूर 'शोलापूर' आहे, वसई 'बसीन' आहे. जुनी स्पेलिंगं गॅझेटियरमधून टिपून घ्या.

आता जोडणी. एका पैलूतले शब्द ऑरने जोडून कंसात घाला. मग कंस एकमेकांना अँडने जोडा: (बंड ऑर उठाव ऑर स्वातंत्र्यसमर) अँड (झाशी ऑर कानपूर) अँड (हकीकत ऑर प्रवास ऑर आठवणी). कंस का? कारण कुठला ऑपरेटर आधी सोडवायचा, हे प्रत्येक डेटाबेस वेगळं ठरवतो. पबमेड डावीकडून उजवीकडे जातं, वेब ऑफ सायन्स अँड आधी आणि ऑर नंतर घेतं. कंस घातले की वाद मिटतो. ज्या सर्चबॉक्समध्ये कंस मानले जात नाहीत, तिथे एकेक जोडी वेगळी शोधा. वेळ लागेल, पण लागू दे.

मग गुगलवर जागा आखून द्या. 'साइट' हा शब्द, त्याला लागून विसर्गासारखं कोलन, मध्ये जागा न सोडता संकेतस्थळाचा पत्ता. शोधगंगेचा पत्ता टाकलात तर फक्त तिथली पानं येतील. फक्त सरकारी संकेतस्थळं हवी असतील तर पत्त्याची सरकारी शेपटी टाका. 'फाइलटाइप'ने पीडीएफ वेगळ्या काढा. गुगलमध्ये ऑर कॅपिटल अक्षरांतच लिहायचा, आणि वजाचं चिन्ह शब्दाला चिकटून, आधी जागा सोडून. आणि लक्षात ठेवा, 'साइट' लावलं तरी त्या संकेतस्थळावरचं जे गुगलच्या सूचीत गेलेलं आहे तेवढंच दिसतं. म्हणून त्या स्थळाचा स्वतःचा सर्चबॉक्सही वापरा आणि दोन्हींची तुलना करा.

वजाचं चिन्ह सगळ्यात शेवटी, आणि भीत भीत. झाशीबद्दल शोधताना सिनेमाच्या बातम्या येतात म्हणून तुम्ही 'चित्रपट' शब्द वगळलात, समजा. पण एखाद्या अभ्यासकाने चाळीस पानी निबंधात एका ओळीत चित्रपटाचा उल्लेख केला असेल, तर अख्खा निबंध गेला. नॉट शब्द काढत नाही, कागद काढतो.

नोंद ठेवा

शेवटचं. शोधाची वही ठेवा. तारीख, कुठे शोधलं, नेमकी शब्दयोजना जशीच्या तशी, किती नोंदी बघितल्या, किती कामाच्या निघाल्या, त्या ठिकाणी कुठल्या काळातलं साहित्य आहे. गुगल दाखवतं तो लाखांचा आकडा अंदाज असतो, तो प्रबंधात छापू नका. स्वतः डोळ्यांखालून घातलेला आकडा लिहा.

एक छोटी परीक्षाही आहे. तुमच्या विषयावरचे तुम्हाला आधीपासून माहीत असलेले पाच लेख कागदावर लिहा. मग तुमची शब्दयोजना चालवा. पाचपैकी दोनच आले, तर जे तुम्हाला माहीत नाही त्यातलंही बरंच राहिलं असणार. न आलेले तीन लेख उघडा, त्यांच्या लेखकांनी कुठले शब्द वापरलेत ते बघा, ते ऑरने जोडा आणि पुन्हा चालवा. न दिसणारा भरणा मोजायची याहून स्वस्त युक्ती मला माहीत नाही.

एवढं केलंत, की सिनॉप्सिसमधलं ते वाक्य बदलून लिहिता येईल: अमुक ठिकाणी, अमुक शब्दांनी, अमुक तारखेपर्यंत शोध घेतला असता या विषयावर स्वतंत्र संशोधन आढळले नाही. वाक्य लांबलं, पण आता कुणी विचारलंच तर तुमच्यासमोर वही आहे. आणि एखादा राहून गेलेला लेख उद्या कुणी दाखवला, तर तो कुठल्या शब्दामुळे सुटला हेही तुम्हाला सांगता येईल.

तर आज संगणक उघडण्याआधी एक कागद घ्या. तुमच्या विषयाचे तीन पैलू पाडा, आणि प्रत्येकाखाली निदान पाच शब्द लिहा. त्यातला एक शब्द असा हवा, जो तुमच्या विरोधी बाजूच्या माणसाने वापरला असता.